मूळ फाईल कुठे आहे?

हमीदाभाभींचा फोन आला तेव्हा मी आरे-वारेच्या उतारावर उभा होतो. खाली एक जोडपं वाळूतून चालत होतं, वर ड्रोन फिरत होता आणि माझे दोन्ही हात रिमोटवर. फोन खिशात वाजून थांबला, परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी ड्रोन खाली उतरवला. भाभी एवढंच म्हणाल्या, "सुधीरभाऊ, हे गेले. दुपारी जोहरच्या नमाजानंतर नेणार आहेत. तुम्ही येताय ना?" मी येतो म्हटलं. त्या जोडप्याला काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण सामान आवरताना माझे हात अगदी नेहमीसारखे चालत होते, एवढं आठवतं. बॅटरी काढली, पंखे दुमडले, कार्ड काढून डबीत ठेवलं. दुपारी कबरस्तानात मीही तीन मुठी माती दिली. ती देताना मला रडू आलं नाही. नऊ दिवसांपूर्वी त्याने मला एक काम सांगितलं होतं आणि ते मी केलं नव्हतं. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

आता त्याचा चाळीसावा दिवसही होऊन गेला. नझीर मुकादम हे नाव रत्नागिरीबाहेर कोणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तो व्हिडिओचं एडिटिंग करायचा. आमच्याकडे जुने लोक अजून त्याला मिक्सिंग म्हणतात. लग्न, हळद, बारसं, शाळेचं गॅदरिंग. मी लांज्याचा, शूटिंग करणारा. एकवीस वर्षं मी शूट करायचो आणि तो ते लोकांना देण्याजोगं करायचा. कुवेतला सात वर्षं एका दुकानात काढून तो परत आला होता, आणि राजिवड्यातल्या घराच्या माडीवर त्याने खोली केली होती. त्या खोलीत एक चांगला मॉनिटर आणि तीन जुने टीव्ही होते. टीव्ही कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, "लोकांच्या घरी हेच आहेत रे. माझ्या मॉनिटरवर चांगलं दिसलं म्हणजे माझं समाधान झालं, त्यांचं नाही."

एडिटिंगपेक्षा त्याचा जीव फाईल देण्यात होता. आमच्या धंद्यात बहुतेक जण काम संपलं की ठरलेल्या साच्यात फाईल काढतात, पेन ड्राइव्हवर टाकतात आणि मोकळे होतात. मग गिऱ्हाइकाचा फोन येतो... चित्र अडकतं, आवाजच येत नाही, टीव्ही म्हणतो ही फाईल चालत नाही. नझीर आधी विचारून घ्यायचा. टीव्ही कुठला, किती जुना, मुलगा दुबईला मोबाईलवर बघणार की लॅपटॉपवर, गावात नेट कसं आहे. एका आजीबाईंना तो म्हणाला होता, "आजी, फाईल म्हणजे डबा. बाहेरून सगळे डबे सारखे दिसतात. आत भाजी कुठली, ते उघडल्यावर कळतं. तुमच्या टीव्हीला एकच भाजी पचते, तीच मी देतो." नवी एच २६५ ची फाईल घट्ट घडी घातलेल्या साडीसारखी, जागा थोडी घेते, पण उलगडायला जोर लागतो, जुन्या एच २६४ ची घडी सैल, पण ती कोणालाही उलगडता येते. हे सगळं तो इतक्या सहज सांगायचा की समोरच्याला आपण काही तांत्रिक ऐकतोय असं वाटायचंच नाही. मला मात्र या सगळ्याचा कंटाळा यायचा. चित्र मी काढलंय, ते कुठल्या डब्यात जातंय याच्याशी मला काय, असं मला वाटे. हे मी त्याला बोलूनही दाखवलं होतं. तो हसला आणि म्हणाला, "तू काढलंस ते कार्डात आहे. लोकांना मिळतं ते मी काढतो."

तीन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. तो मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात आणि उरलेले दिवस माडीवर असायचा. हाताला सूज, पाय जड, पाणी मोजून प्यायचं. काम मात्र त्याने सोडलं नाही. त्याचा कॉम्प्युटर जुना झाला होता. माझ्या नव्या ड्रोनच्या फोर-के फाईली त्याला पेलवत नसत. दोन सेकंद चालून चित्र गोठायचं. म्हणून त्याने एक रीत बसवली. मी कार्ड दिलं की तो ते लावून थेट लहान, एचडी आकाराची, सैल घडीची प्रत आपल्या डिस्कवर काढायचा आणि त्या प्रतीवर काम करायचा. मूळ फाईली कार्डातच राहायच्या, कारण डिस्क भरत आली होती. कार्ड मला परत द्यायचा आणि दर वेळी सांगायचा, मी म्हणेपर्यंत पुसायचं नाही. तोवर मी ते पाळलंही होतं.

मागच्या थंडीत एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग आम्ही लांज्याच्या अलीकडच्या एका सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर केलं. सड्यावर गवत पिवळं पडलेलं, उघडा कातळ, आणि पलीकडे एक चिरेखाण. आमच्याकडे घरं बांधतात तो तांबडा जांभा दगड तिथून निघतो. मुलगी ओढणी उडवत धावत होती, मुलगा मागून, आणि ड्रोन त्यांच्याभोवती मोठी फेरी घेत होता. मी स्क्रीनवर त्या दोघांनाच बघत होतो. खाणीकडून एकदा काहीतरी दणकल्यासारखं वाटलं. खाणीत दणके होतातच. मी दुसरी फेरी घेतली. दुसऱ्या दिवशी कार्ड नझीरला दिलं, त्याने प्रत काढून घेतली आणि संध्याकाळी कार्ड माझ्याकडे परत आलं.

त्यानंतर मी हळदीच्या कामाला दापोलीला गेलो. तिथे बॅग उघडली तर रिकाम्या कार्डांची डबी घरीच राहिलेली. मांडवात बायका जमल्या होत्या, नवऱ्यामुलाला पाटावर बसवलं होतं, आणि माझ्याकडे एकच कार्ड होतं, सड्यावरचं. नझीरकडे प्रत आहे, असा मी विचार केला. त्याला फोन करायला एक मिनिट पुरलं असतं. मी कार्ड पुसलं आणि दिवसभर त्यावर हळद भरली.

दोन दिवसांनी मी दापोलीहून परतीच्या एसटीत होतो, तेव्हा त्याचा फोन आला.

"सुधीर, सड्यावरचं कार्ड तुझ्याकडेच आहे ना?"

"का रे?"

"त्यात एक माणूस मरतोय," नझीर म्हणाला.

तो मला हळूहळू सांगत होता. दुसऱ्या फेरीच्या आधी, उजव्या कोपऱ्यात, खाणीच्या कडेवर चिरे कापायचं यंत्र आहे. खाली एक माणूस आहे, डोक्याला निळं काहीतरी बांधलेलं. कड खचते, लाल धूळ उठते, मग माणूस दिसत नाही. सगळं मिळून अकरा सेकंद. त्याने पेपरात वाचलं होतं की त्या खाणीवरचा महादेव नावाचा एक मजूर कामावरून सुटल्यावर दारूच्या नशेत रस्त्याकडेच्या चरात पडून मेला. दिवस तोच. "पण हा तर खाणीत आहे, सुधीर. कामावर आहे. माझ्या प्रतीत तो चार ठिपक्यांएवढा दिसतो. फोर-के मध्ये मोठा करून बघता येईल. चेहरा कळेल. कार्ड घेऊन ये."

मी काय केलं ते मला इथे लिहायचं आहे, आणि ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे. मी म्हटलं, "अरे, तूच नाही का सांगितलंस पुसायला? परवा फोनवर. काम झालं म्हणालास."

 एसटी एका थांब्यावर उभी होती आणि कंडक्टर कोणाशी तरी बोलत होता. मग नझीर म्हणाला, "मी?"

"हो."

"परवा डायलिसिस होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी काय बोलतो ते नंतर राहत नाही डोक्यात... सांगितलं असेन मग."

मला तेव्हाच सांगता आलं असतं की नाही, मी चुकलो. नंतर कित्येकदा सांगता आलं असतं. पहिल्या दिवशी ते एक वाक्य होतं. आठवड्याने ते वाक्य एवढं मोठं झालं की माझ्या तोंडातून निघेना.

नझीरने ते कार्ड मागवून घेतलं. पुसलेल्या फाईली परत मिळवायचं सॉफ्टवेअर त्यावर तीन दिवस चालवलं. मिळालं ते सगळं दापोलीचं, हळदीने माखलेले हात आणि हसणाऱ्या बायका. मग आपल्या प्रतीतले ते अकरा सेकंद घेऊन तो रिक्षाने महादेवच्या वाडीवर गेला. महादेवची बायको सुनंदा. तिच्याबरोबर मीही नंतर वकिलांकडे गेलो, म्हणून मी तिला ओळखतो. नझीरने तिला मोबाईलवर दाखवलं तेव्हा तिने ते एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "मुंडासं त्यांचंच हाय. सकाळी मीच धुवून दिलं होतं."

तालुक्याच्या वकिलांचा कॉम्प्युटर जुना. नझीरने खास त्यांच्यासाठी आणखी एक सैल फाईल काढून दिली, म्हणजे तिथे अडकायला नको. ती छान चालली. खोलीतले सगळे वाकून बघत होते, आणि वकील म्हणाले, आता काही अडचण नाही. अडचण भरपाईच्या दाव्याच्या सुनावणीला आली. खाणमालकाच्या वकिलाने एवढंच विचारलं की ही फाईल कॅमेऱ्यातली आहे का. नाही. मग कुठली? कॉम्प्युटरवर बनवलेली. कधी? फाईलवरची तारीख शूटिंगच्या दुसऱ्या दिवसाची होती, आणि वकिलासाठी काढलेल्या प्रतीवर त्याच्याही नंतरची. ज्यावर दिवस आणि वेळ कॅमेऱ्याने स्वतः उमटवलेली असते ती मूळ फाईल कुठे आहे? नझीर उभा होता. "पुसली गेली," तो म्हणाला. "कोणी पुसली?" "माझ्या सांगण्यावरून." मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्या जोडप्याने आणि मी तारीख सांगितली, पण कोपऱ्यातली धूळ त्या दोघांनी पाहिली नव्हती आणि मीही नाही. चार ठिपक्यांचा माणूस कोण, ते कोणालाच शपथेवर सांगता येईना. महादेव कामावर असताना गेला, हे सिद्ध झालं नाही.

त्या दिवशी बाहेर पिंपळाखाली सुनंदा नझीरसमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. "भाई, तुम्ही आपल्या पायांनी माझ्या दारात आलात," ती म्हणाली. "मी बोलवायला आले नव्हते. कशाला दाखवलंत मला? आणि दाखवून मग ते खरं मालकाच्या घशात घातलंत. वाडीत सगळे तेच बोलतात." नझीरने मान हलवली. त्याला आवाराच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या म्हणून मी त्याचा दंड धरला. तो माझ्या हातावर भार टाकून उतरला.

वाडीत बोलणं सुरू झालं ते बाजारात आलं. मूळ फाईल नझीरने खाणवाल्याला विकली, असं लोक म्हणू लागले. कामं कमी झाली. काही जण थेट मला विचारत, आणि मी म्हणायचो, छे, नझीर तसा नाही. एवढं बोललो की मला वाटायचं मी त्याची बाजू घेतली. तो स्वतः बदलत गेला. मंगळवार-शुक्रवार सोडूनही त्याला स्वतःचा भरवसा वाटेना. फोनवर बोलून झालं की लगेच लिहून ठेवायचा. एकाच गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचा. गॅस बंद केलाय का, दार लावलंय का, हे भाभींना पुन्हा पुन्हा विचारायचा. एकदा मला म्हणाला, "किडनी गेली ते समजतं रे, मशीन आहे. डोकं गेलं तर काय लावायचं?" मी म्हटलं, असं काही नसतं, थकवा आहे. हे मी त्याच्याकडे बघून बोललो.

तो जाण्याच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी, त्याने मला डायलिसिसच्या खोलीत बोलावून घेतलं. चार खाटा, चार यंत्रं. त्याच्या डाव्या हातातून लाल नळ्या निघून यंत्रात जात होत्या. उजव्या हातात मोबाईल. वेळ जाईना म्हणून तो जुनी बोलणी वर सरकवत वाचत बसायचा, आणि तसं करताना त्याला आमच्यातला एक आवाजी मेसेज सापडला होता. त्याने तो माझ्या कानाजवळ धरून लावला. त्याचाच आवाज होता, मागे कुकरची शिटी. 'सुधीर, कार्ड पाठवतोय संध्याकाळी. पुसू नकोस हां. नवी डिस्क आली की मूळ सगळं वेगळं काढून ठेवायचंय. मी सांगेपर्यंत पुसू नकोस.' खाली तारीख होती. आणि मेसेजशेजारचं माईकचं चिन्ह निळं झालेलं होतं, म्हणजे मी तो ऐकला होता.

मी यंत्राच्या आकड्यांकडे बघत राहिलो.

"मी वेडा झालो नव्हतो," नझीर म्हणाला. "डिस्क तोवर आलीच नव्हती, मग पुस असं कसं सांगेन?" त्याच्या आवाजात राग नव्हता. सुटका होती, आणि तीच मला सहन होईना. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी कोणाला काही सांगणार नाही. पण सुनंदाबाईंना जाऊन तू सांग. माझ्यासाठी नको. त्यांना वाटतं त्यांच्या नवऱ्याला मी विकलं. असं मनात घेऊन कोणी जगू नये."

"जातो," मी म्हटलं.

"या आठवड्यात जा."

नऊ दिवसांत मी दोन कामं केली, एक बारसं आणि एक वाढदिवस. नवव्या दिवशी सकाळी त्याचं हृदय थांबलं.

चाळीसाव्यानंतर भाभींनी मला माडीवर बोलावलं. कॉम्प्युटरवर काही लोकांची कामं अर्धी पडली होती, ती तुम्हीच बघा, म्हणाल्या. मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि फाईल बाहेर काढायची खिडकी उघडली. तिथे आपण ठरवून ठेवलेले साचे जपून ठेवता येतात. आम्ही सगळे त्यांना आकड्यांची नावं देतो. नझीरने माणसांची दिली होती. 'पावसची मावशी, जुना टीव्ही.' 'अस्लम, कुवेत, मोबाईल.' 'जाधव गुरुजी, डीव्हीडीच पाहिजे.' सत्तरएक नावं असतील. सगळ्यात खाली 'सुनंदाबाई, वकिलांकडे चालेल अशी.' मी खिडकी मिटली, जिना उतरलो आणि लांज्याची गाडी धरली.

सुनंदा आता काजू फोडायच्या कामाला जाते. कारखान्याबाहेर दुपारच्या सुट्टीत ती भेटली. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली, त्यांना खोबरेल चोळत ती ऐकत होती. मी सगळं सांगितलं, दापोलीची हळद, एसटीतला फोन, दवाखान्यातला मेसेज.  संपल्यावर तिने विचारलं, "भाई कधी गेले?" मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही त्यांना पुरून मग आलात," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"पिंपळाखाली मी त्यांना बोलले ते आता कोणाकडे जाऊन परत घेऊ?" तिने खोबरेलाची बाटली झाकण लावून पिशवीत टाकली. "तुम्ही तिथंच होता ना, दादा? त्यांच्या बाजूला?"

आत घंटा झाली आणि ती गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "त्यांच्या घरात सांगितलंत का? मला सांगून काय उपयोग. आधी घरात सांगा."

मी त्याच संध्याकाळी राजिवड्यात गेलो. भाभी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसायची हिंमत झाली नाही. त्यांचा हात सुपात तसाच थांबला. "त्यांना कळलं होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शेवटी कळलं होतं. "मला बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्या शुक्रवारी घरी आल्यावर जेवले मात्र चांगले. मला वाटलं औषध लागू पडलं."

मग त्या उठल्या, आतल्या कपाटातून एक मोठं पांढरं पाकीट घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिलं. कोल्हापूरच्या एका तपासणी केंद्राचं होतं. वर नझीरचं नाव, वय छप्पन्न. "तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले होते," भाभी म्हणाल्या. "सुधीर उगाच काळजी करेल, म्हणाले. डायलिसिसच्या दोन दिवसांच्या मध्ये गाडी करून गेलो आम्ही. सारा घाट उलट्या करत होते. डोक्याचा फोटो काढून घेतला, विसरायला होतंय म्हणून. डॉक्टर म्हणाले, काही नाही, सगळं जिथल्या तिथे आहे. यांना पटेना. परत परत विचारत होते डॉक्टरला, नीट बघितलंत ना, म्हणून."

मी पाकिटातली फिल्म काढून ओसरीच्या उजेडात धरली. काळ्यावर राखाडी, ओळीने लहान लहान चौकोन, प्रत्येकात त्याचं डोकं. मला त्यातलं काही समजलं नाही. भाभी पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या होत्या. पाकीट परत द्यायला मी हात पुढे केला, तर त्यांनी ते घेतलं नाही, वरही बघितलं नाही. "तुमच्याकडेच राहू दे ते," त्या म्हणाल्या.